जवाबी पाकीट

नांदेड, ७ दै (कार्तिक) १३५४ फसली

तीर्थरूप अण्णांस,

सौदामिनीचा साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. नांदेडला पोचल्याचं पत्र टाकून दीड महिना टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसल्यावर दोन ओळी आल्या. ‘तुझे वाक्य शुद्ध होते. बोलावल्याशिवाय येऊ नये.’ खाली पूर्ण सही, रेणुकादास, आणि सहीखाली रेघ. शाळेत रजेचा अर्ज देताना तुम्ही अशीच रेघ ओढता. आधी मला हसू आलं, मग आलं नाही.

मी जिच्या घरी खोली घेऊन राहते ती गंगम्मा परवा विचारत होती, “बाहीर पडताना उंबऱ्यापाशी थांबून रोज काय पुटपुटतीस गं अम्मा? कोणत्या देवाचं हाय?” तिला म्हटलं, आमच्या घरची चाल आहे. उंबरठा ओलांडायचा तर कुठे चाललो ते एका इंग्रजी वाक्यात सांगायचं, आणि त्या वाक्यात त्या जागेविषयी काहीतरी हवंच. नुसतं ‘बाजारात’ म्हटलं तर आमचे अण्णा परत बसवतात. गंगम्माने माझ्याकडे असं दया आल्यासारखं पाहिलं की मला तुमची बाजू घ्यावी लागली.

त्या दिवशी मी उंबऱ्यावर उभी राहून म्हणाले होते, ‘आय ॲम गोइंग टु लातूर, व्हेअर माय आँट लिव्ज.’ मी लातूरला चालले आहे, जिथे माझी मावशी राहते. तुम्ही चष्मा कपाळावर सारून ‘शाबास’ म्हणालात. मावशी लातूरलाच राहते आणि व्हेअरही जागच्या जागी होतं, फक्त मी तिकडे चालले नव्हते. लातूर रोडचं स्टेशन आलं, हमाल ओरडला, बायाबापड्या गाठोडी घेऊन उतरल्या, आणि मी खिडकीचा गज धरून बसून राहिले. परळी, परभणी, नांदेड. पदरात इथल्या मुलींच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र बांधलेलं होतं.

खरं सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं. मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘पोरीनं परगावी एकटीनं राहून नोकरी करायची गरज नाही,’ आणि ताटातली भाकरी मोडलीत. तो विषय तिथेच संपला असं तुम्हाला वाटलं.

असो. आता शाळेची गंमत सांगते. माझ्या वर्गात अठरा मुली आहेत, आणि जागेचं नाव दिसलं की अठराही जणी व्हेअर लिहितात, देऊळ दिसलं की हात जोडावेत तसं. विनीता नावाची एक हुशार मुलगी आहे. तिच्या वडिलांनी इतवाऱ्यात नुकतंच दुकान घेतलं. तिने लिहिलं, ‘द शॉप व्हेअर माय फादर बॉट.’ मी विचारलं, वडील त्या दुकानात किराणा घ्यायला गेले की दुकानच घेऊन आले? सगळा वर्ग हसला, ती रडवेली झाली, आणि मला तुमची ओसरीवरची शिकवणी आठवली. मग मी तुमच्याच शब्दांत सांगितलं. जागेचं नाव आलं की थांबा. त्या जागेत काही घडत असेल तर व्हेअर. त्या जागेलाच कुणी बांधत, विकत, बघत, सोडत असेल तर व्हिच. अडलं तर मराठीत म्हणून बघा, ‘जिथे’ बसतंय की ‘जे’.

सोबत पाच वाक्यं लिहून पाठवते आहे. आपल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाखाली मराठी अर्थ आहे. परगावचे विद्यार्थी तुमच्याकडे वह्या पाठवायचे तेव्हा स्वतःचा पत्ता घातलेलं जवाबी पाकीट जोडायचे, आणि तुम्ही लाल शाईने तपासून, एक शब्दही जास्तीचा न लिहिता परत करायचात. मीही पाकीट जोडलं आहे. मुलीला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. विद्यार्थिनीची वही तरी तपासाल ना?

मायेला नमस्कार सांगा.

तुमची
सौदामिनी

नांदेड, १७ दै १३५४ फसली

तीर्थरूप अण्णांस, सा. न.

पाकीट आलं. उभ्यानेच फोडलं. आत माझाच कागद होता, आणि त्यावर लाल खुणा. मी तो कागद घेऊन घाटावर गेले आणि संध्याकाळपर्यंत बसले. तुमच्याशी बोलून आल्यासारखं वाटलं.

आता एक गुन्हा कबूल करते. त्या वाक्यांत मी मुद्दाम चुका केल्या होत्या. सगळं बरोबर लिहिलं तर तुम्ही नुसतं परत पाठवाल, कागदावर तुमचा हात लागणार नाही, अशी भीती होती. ‘नांदेड इज द टाउन व्हेअर आय चोज,’ नांदेड हे गाव, जे मी निवडलं. तुम्ही व्हेअर खोडून वर व्हिच लिहिलंत. ‘द घाट व्हिच आय सिट,’ तो घाट, जिथे मी बसते. तिथे व्हेअर केलंत. दोन्ही बरोबर पकडलंत.

पण अण्णा, ‘आय हॅज’ तसंच राहिलं आहे. ‘रिव्हर’मध्ये मी एक अक्षर जास्तीचं घातलं होतं, त्यालाही तुम्ही हात लावला नाही. तुम्ही क्रियापदाच्या काळाच्या एका चुकीसाठी शिकवणीतल्या चन्नबसप्पाला सगळ्या वाड्यासमोर अंगठे धरायला लावले होतेत. चुका दिसल्या नाहीत, की माझ्यासाठी एवढेच कष्ट पुरेत असं ठरवलंत? अक्षरही थोडं हललेलं वाटतं. आणि तुमची शाई कुठली आहे? वाळल्यावरही बोटाला लागते. नवी दौत घ्या.

इथे थंडी पडू लागली आहे. पहाटे गोदावरीवर धुकं असतं आणि पलीकडचा काठ नसतोच. काल झोपेत मी आपल्या उदगिरात हिंडत होते. लहानपणी तुम्ही मला गावभर फिरवून वाक्यं करायला लावायचात, तशीच. किल्ल्याच्या खंदकापाशी आलो की ‘द फोर्ट व्हिच,’ अडत बाजारात आलो की ‘द मार्केट व्हेअर.’ तुम्ही पुढे चालत होतात, पाठमोरे. मी एकेक वाक्य म्हणत होते आणि म्हटलं की ती जागा हळूच उचलली जाऊन माझ्या मागून चालू लागत होती. किल्ला आला, बाजार आला, स्टेशनवरचं चिंचेचं झाड आलं. शेवटी आपलं घर आलं, आणि मला वाक्य सुचेना. तुम्ही थांबलात, पण वळला नाहीत. ओसरीच्या आतून कुणीतरी धान्य पाखडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. जाग आली तेव्हा बाहेर गंगम्मा खरंच तांदूळ पाखडत होती.

आणखी पाच वाक्यं पाठवते.

मायेला नमस्कार.

तुमची
सौदामिनी

नांदेड, २७ दै १३५४ फसली

तीर्थरूप अण्णांस, सा. न.

दुसरं पाकीटही आलं. या खेपेस मी कोणतीही चूक मुद्दाम केली नव्हती, तरी एक झालीच होती, आणि ती तुम्ही धरलीत. मला इतका आनंद झाला की विनीताला उगाचच पेढा दिला. बाकीच्या चुका या वेळीही राहिल्या. त्यावर मी काही बोलत नाही, बोलले की तुम्ही तपासणं थांबवाल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते लिहून टाकते. येळवस जवळ आली. इथे नांदेडात मार्गशीर्षातल्या या अवसेचं कुणाला काही नाही. मुलींना सांगितलं की आमच्या उदगीर-लातूरकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात जेवायला जातात, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंक्तीला बसवतात. त्यांना पटेना. एक म्हणाली, बोलावल्याशिवाय कसं जायचं? मी म्हटलं, त्या दिवशी न बोलावलेलं कुणी नसतंच. बोलून गेले आणि तुमचं कार्ड आठवलं.

जळकोटला दगडूमामाच्या रानात कडब्याची खोपटासारखी कोप उभी राहिली असेल. चुना लावलेले पाच दगडांचे पांडव मांडले जातील. मायेच्या हातची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. मामाच्या देवणी बैलांच्या गाडीत मी पुढे बसायची आणि तुम्ही मागे वर्तमानपत्र धरून, रानातही इंग्रजी वाचत. मी दहा वर्षांची असताना तिथे म्हटलेलं वाक्य तुम्हाला आठवतं का? ‘धिस इज द प्लेस व्हेअर एव्हरीबडी इज कॉल्ड.’ ही ती जागा, जिथे सगळ्यांना बोलावलेलं असतं. तुम्ही त्या दिवशी मला शाबास म्हटलं नव्हतंत, नुसतं डोक्यावरून हात फिरवला होतात.

अण्णा, मी खोटं बोलले. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवावी तसलं खोटं नव्हतं ते. तुम्ही मला दिलेली सगळ्यात चांगली वस्तू मी तुम्हाला फसवायला वापरली. हे मला गाडीत, परळीच्या पुढे, कळलं. तेव्हा उतरून परत येता आलं असतं, आले नाही. नोकरीचा मला पश्चात्ताप नाही, पुन्हा संधी आली तर पुन्हा करीन. वाक्याचा आहे.

मला येळवसेला येऊ द्या. एक शब्द लिहा. शब्दही नको, काहीतरी खूण करा, मी समजेन. वाक्यं आणि जवाबी पाकीट सोबत आहेच.

मायेला नमस्कार.

तुमची
सौदामिनी

नांदेड, १४ बहमन १३५४ फसली

तीर्थरूप अण्णांस, सा. न.

पाकीट येळवसेच्या सहा दिवस आधी आलं. वाक्यं तपासलेली होती. तीन व्हेअर, एक व्हिच, सगळं ठीक. बाकी काही नव्हतं. मी कागद उलटून पाहिला, पाकीट फाडून आतून पाहिलं. उजेडाकडे धरलं. तुमच्या गळक्या दौतीने मात्र कागदाची शोभा केली आहे, चारी कोपऱ्यांना लाल डाग. शिष्याच्या वहीवर डाग पडला तर तुम्ही नवा कागद मागायचात. माझ्या कागदाची एवढीही किंमत राहिली नाही, हे कळलं.

येळवसेला शाळा चालू होती. सुटल्यावर मी घाटावर गेले. गंगम्माने भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. ऊन पाण्यावर पडलं होतं, नावाडी पलीकडे काहीतरी ओरडत होता, आणि मला मधेच असं वाटायला लागलं की पलीकडच्या काठावर कडब्याची कोप आहे. तिच्या दारात कुणीतरी उभं होतं, डोळ्यांवर आडवा हात धरून. तुम्ही असाल असं वाटून मी उठून उभी राहिले. पण तुम्ही असे वाट बघत उभे राहात नाही, बसून वाचता. मग ते कोण होतं कोण जाणे. भाकरी मी माशांना घातली. रडले, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

वाक्यं जोडली आहेत. सवय म्हणून.

मायेला नमस्कार.

सौदामिनी

नांदेड, १२ इस्फंदार १३५४ फसली

तीर्थरूप अण्णांस,

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवत नाही, कारण ‘गोड बोला’ म्हणायला समोरचा आधी बोलत असावा लागतो.

मागचं पाकीट परत आलं, पुन्हा चारी कोपरे लाल. अण्णा, तुम्ही शिक्षक म्हणून चोख आहात, माणूस म्हणून दगड आहात. गंगम्मा म्हणते बापाविषयी असं लिहू नये. ती म्हणते ते खरं असेल. पण दोन महिने मी व्हेअर आणि व्हिचच्या लाल खुणा उशाशी घेऊन झोपते आहे, आणि त्यातून ‘ये’ हे एक अक्षर काही निघत नाही. शाळेने मला कायम केलं आहे. म्हणजे आता मी इथलीच.

या पत्राला जवाबी पाकीट जोडत नाही. वाक्यंही नाहीत.

सौदामिनी

नांदेड, १७ फरवर्दी १३५४ फसली

तीर्थरूप मायेस,

सौदामिनीचा साष्टांग नमस्कार. पाकिटावर तुझं नाव लिहिताना मी थबकले. साखराबाई रेणुकादास, मु. पो. उदगीर. जन्मात प्रथमच लिहिलं. टपालवाला तुला हाक मारील तेव्हा तू ‘अण्णांचं असंल’ म्हणून आत ठेवून देशील, म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की हे साखराबाईंनीच उघडावं.

काल चन्नबसप्पा आला होता. अडतीच्या कामाने नांदेडला आला, पत्ता शोधत आमच्या ओसरीवर येऊन बसला, आणि टोपी गुडघ्यावर ठेवून घाम पुसू लागला. गंगम्माने चहा दिला. मी माझं रडगाणं सुरू केलं, अण्णांनी किती छळलं ते. कागदांचा गठ्ठाच आणून त्याच्या पुढ्यात टाकला. बघ तुझ्या सरांची माया, म्हटलं, नुसत्या लाल रेघोट्या, आणि वर कागदभर शाई सांडलेली.

तो काही बोलण्याआधी गंगम्माच वाकली. ती विधवा, कुंकवाला बोट लावत नाही. तिने कागदाच्या कोपऱ्याला चिमटीत धरलं, बोट घासलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“ही शाई न्हाई गं अम्मा. कुंकू हाय. चारी कोपऱ्यास्नी कुंकू लावलंय. आवतन आलंय तुला, अन् तू इथं बसून राहिलीस?”

माय, मी लग्नाच्या, मुंजीच्या किती पत्रिकांना स्वतःच्या हाताने कोपऱ्यांना कुंकू लावलं आहे. तूच माझ्यापुढे ताट ठेवायचीस आणि म्हणायचीस, ‘कोपरं कोरडं सोडू नको, कोरडं आवतन कुणी घेत न्हाई.’ आणि माझ्याच नावाचं आवतन हातात आलं तर मला ती गळकी दौत दिसली. कागदावर लाल म्हणजे मास्तर, एवढंच डोक्यात भरलेलं होतं. मास्तराची पोर आणि स्वतः मास्तरीण, दुसरं काय सुचणार?

मग चन्नबसप्पाने तोंड उघडलं. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

“बाईंनी शपथ घातली हुती म्हणून बोललो न्हाई. ते कार्ड टाकल्यापासून सरांनी तुमचं एकबी पत्र उघडलं न्हाई, ताई. आलं की खडूच्या डब्याशेजारी कोनाड्यात ठिवून द्यायचे. सर फिरायला गेले की बाई ते काढायच्या. कुंकू पाण्यात कालवून धाटाच्या काडीनं लिहायच्या. मग पाकीट माझ्या दुकानी आणून द्यायच्या, टाक म्हणून. मी इचारलं, बाई, तुमास्नी इंग्रजी कवापासून येतंय? म्हणल्या, इंग्रजी न्हाई येत, ते दोन शबुद येतेत.”

मी विचारलं, मग तिने स्वतःच दोन ओळी का नाही लिहिल्या? पोथी वाचते, मराठी लिहिता येतं.

“म्या बी तेच म्हणलो. तर म्हणल्या, ती मला कुठं लिहितीय? तिनं जे इचारलं त्येचा जबाब दिऊन राहिले.”

माय, मी बोटांवर मोजलं. कार्ड आल्यावर पाच पत्रं मी त्या घरात पाठवली. चारांत तुझ्या वाट्याला एक ओळ, तीही दुसऱ्याकरवी. पाचव्यात रागाच्या भरात तीही नाही.

काल रात्रभर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. वीस वर्षं अण्णा ओसरीवर तोच धडा शिकवत आले, दरवर्षी नव्या मुलांना, तोंडी, मराठीत. त्या जागेत काही घडलं तर हे, त्या जागेलाच काही केलं तर ते. भिंतीच्या आत तू धान्य निवडत, पाखडत बसलेली असायचीस. दिवे लागायच्या आधी फळा पुसायचं काम तुझं. त्या दोन शब्दांखाली अण्णा रेघ ओढायचे, तू रोज ती रेघ आणि ते शब्द पुसायचीस. मी खाली मराठी अर्थ लिहीत होते, तो तू वाचलास. ‘जिथे’ की ‘जे’ ते ठरवलंस, आणि फळ्यावर पाहिलेल्या त्या दोन आकृत्या काडीने उतरवल्यास. ‘आय हॅज’ तुला कसं दिसणार? ते अण्णांनी कधी रेघ ओढून शिकवलंच नव्हतं. मी मात्र त्यांचे डोळे गेले म्हणून काळजी करत बसले होते.

तुझी एकही दुरुस्ती चुकलेली नाही. मी काल सगळे कागद पुन्हा तपासले.

चन्नबसप्पा आणखी सांगत होता. येळवसेला जळकोटच्या रानात तू एक ताट झाकून ठेवलं होतंस. मामाने विचारलं, हे कुणाचं? तू म्हणालीस, हाय एकाचं. “दुपारपस्तोर बाई कोपीच्या दारात उभ्या हुत्या, वाटंकडं बघून राहिल्या हुत्या,” असं तो म्हणाला. म्हणजे नदीपलीकडे मला दिसली ती तू होतीस. मी तिला ओळखलं नाही, कारण मी अण्णांना शोधत होते.

अण्णांबद्दलही त्याने ओसरीवरून पाहिलेलं एक सांगितलं, ते तुला ठाऊक असेल की नाही कुणास ठाऊक. कोनाडा दर वेळी रिकामा होतो हे त्यांना दिसतं. आजवर एका शब्दाने विचारलं नाही. पण माझं शेवटचं पत्र आलं, ज्यात मी त्यांना दगड म्हटलं आहे, ते त्यांनी कोनाड्यात ठेवलंच नाही. न उघडता आणून स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि फिरायला निघून गेले. ते पत्र तू अण्णांना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. तू ठरव.

त्या पत्रासोबत जवाबी पाकीट नव्हतं. तू ते हातात धरून पाकीट शोधलं असशील. उत्तर द्यायला तुझ्याकडे मी काही ठेवलंच नव्हतं. म्हणून तू चन्नबसप्पाला पाठवलंस ना? त्याने कबूल केलं नाही, पण नांदेडला अडतीचं काम एवढं होतं तर त्याने हिशेबाची एकही चिठ्ठी कशी आणली नाही, हे मी त्याला विचारलं तेव्हा तो परत घाम पुसू लागला.

शाळेला शनिवारपासून शिमग्याची सुट्टी आहे. मी नोकरी सोडून येत नाही, हे आधीच सांगते, सुट्टी संपली की परत जाणार. पण येते. गाडी लातूर रोडला थांबेल, हमाल ओरडेल, लोक उतरतील. मी या वेळीही उतरणार नाही, थेट उदगीरपर्यंत बसून राहीन.

अण्णांनी बोलावलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. ते उंबऱ्यावर वाक्य मागतील. गाडीत बसून करायला मला बराच वेळ आहे, शिवाय या खेपेस ते खरं असणार आहे, म्हणून थोडं अडखळेन. अडखळले तर तू आतून सांग, मोठ्याने सांग, अण्णांना ऐकू जाऊ दे.

गंगम्माने उंबऱ्यापाशी उभं राहून आज मला विचारलं, सुट्टीत कुठं चाललीस? मी मराठीतच सांगितलं, जिथे माझी माय आहे तिथे. ती म्हणाली, मग पुटपुटतीस कशाला, मोठ्यानं म्हण.

कोपऱ्यांना कुंकू लावायला माझ्याकडे कुंकू नव्हतं. गंगम्मा शेजारणीकडून मागून घेऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, तूच लाव, माझा हात नको. तीन कोपऱ्यांना मी लावलं, चौथ्याला तिचा हात धरून तिच्याच बोटाने. एक कोपरा थोडा जास्त भिजला आहे, तो तिचा.

हे पत्र परत पाठवू नकोस.

तुझी
सौदामिनी